मिकी टेबलापाशी येतो तेव्हा: डिस्ने वर्ल्डमध्ये मुलांसोबत कॅरॅक्टर डायनिंगचा बेत

ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं की विमानाची तिकिटं, हॉटेल आणि पार्कचे पास यांच्यामागे सगळं घर लागतं. जेवणाचं मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ असं होतं. एरवी ते चालतंही, कारण पार्कमध्ये पिझ्झा-फ्राइजवर कुणी उपाशी राहत नाही. पण मिकी, पू किंवा सिंड्रेला मुलांच्या टेबलापाशी यावेत अशी इच्छा असेल, तर त्याचा बेत दोन महिने आधी आखावा लागतो. त्यातही बुकिंगची धावपळ हा सोपा भाग. अवघड भाग असतो तो आपल्या मुलाला नेमकं कोणतं जेवण मानवेल हे ओळखण्याचा.

पैसे कशाचे देतो

कॅरॅक्टर डायनिंग म्हणजे ठरावीक दराचं जेवण. कुठे बुफे असतो, कुठे मोठ्या थाळ्यांतून टेबलावर वाढतात आणि हवं तितकं पुन्हा मागता येतं, तर कुठे प्रत्येकाने मेन्यूतून आपापला मुख्य पदार्थ निवडायचा असतो. आपण जेवत असताना चार-पाच पात्रं टेबलाटेबलाशी फिरत येतात. मुलांना मिठी मारतात, सही देतात, फोटोसाठी थांबतात.

जेवणाची चव ठीकठाक असते, काही ठिकाणी चांगली. पण चवीसाठी कुणी एवढे डॉलर मोजत नाही. खरी किंमत आहे ती रांगेत उभं न राहण्याची. पार्कात मिकीला भेटायला उन्हात किंवा लांबलचक हॉलमध्ये ताटकळावं लागतं, आणि रांग संपेपर्यंत धाकट्याचं अवसान गळालेलं असतं. इथे तुम्ही एसीत बसता, आजी-आजोबांचे पाय सुटतात आणि पात्रं आपणहून येतात. दीड तास हक्काची विश्रांती मिळते, हेही हिशेबात धरावं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पाच-सहा दिवसांच्या सहलीत असं एकच जेवण ठेवा. दुसऱ्या वेळी मुलांचा उत्साह निम्मा होतो आणि बिल तेवढंच येतं. दीड वर्षाच्या बाळासाठी तर मुद्दाम करूच नका. त्या वयाला गूफीपेक्षा चमचा जास्त आवडतो. सोबत मोठं भावंड असेल तर गोष्ट वेगळी.

आधी मूल पाहा, मग रेस्टॉरंट

लोक ‘सगळ्यात प्रसिद्ध कोणतं’ असं विचारून सुरुवात करतात. त्याऐवजी मुलाला कोण आवडतं आणि मूल कसं आहे, हे दोन प्रश्न घ्या.

डिस्नेची पात्रं दोन तऱ्हांची असतात. मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी, प्लूटो, पू, टिगर ही सगळी पूर्ण मुखवट्यातली. ती बोलत नाहीत, हातवारे करतात, नाचतात, खोड्या काढतात. सिंड्रेला, स्नो व्हाइट, टियाना, अलादीन यांचे चेहरे उघडे असतात आणि ती भरपूर बोलतात.

मुखवट्यातला गूफी टीव्हीवर दिसतो तसा छोटा नसतो. तो बाबांपेक्षा उंच असतो आणि त्याचं डोकं टेबलाएवढं असतं. दोन-तीन वर्षांची कितीतरी मुलं घरी ‘मिकी, मिकी’ करतात आणि प्रत्यक्ष मिकी दिसला की आईच्या ओढणीत तोंड खुपसतात. असं मूल असेल तर निघण्याआधी अशा भेटींचे व्हिडिओ दाखवून ठेवा. तिथे कुणी घाबरलं तर पात्राला हातानेच ‘जरा लांबून’ अशी खूण करा. ही मंडळी यात अतिशय तरबेज असतात. ती गुडघ्यावर बसतात, दुरून हात हलवतात, डोळे झाकून लपंडाव खेळतात आणि मुलाने बोलावल्याशिवाय पुढे येत नाहीत. मुलाला मात्र ‘जा ना, दे ना हात’ म्हणून पुढे ढकलू नका. फोटोत रडकं तोंड येतं आणि पुढचा सगळा दिवस बिघडतो.

भाषेचाही विचार करा, विशेषतः भारतातून येणाऱ्यांनी. घरात मराठीच बोलणाऱ्या चार वर्षांच्या पोराला मिकी सगळ्यात सोपा, कारण मिकीला काही बोलायचंच नसतं. राजकन्या भराभर अमेरिकी उच्चारात विचारतात, ‘तुझा आवडता रंग कोणता, आज तू कुठल्या राज्यातून आलीस?’ पुण्या-नाशिकची मुलगी शाळेत इंग्रजी शिकत असली तरी तिथे बावरून गप्प बसते. एडिसन किंवा डॅलसमध्ये वाढलेल्या तिच्या मावसबहिणीला हा प्रश्न येत नाही. ती उलट सिंड्रेलालाच प्रश्न विचारून भंडावते. दोघी एकत्र जाणार असतील तर अमेरिकेतल्या बहिणीला दुभाषी नेमा.

आता ठिकाणं. सगळी सांगत नाही, आपल्या घरांना उपयोगी पडतील तेवढीच.

शेफ मिकीज हे डिस्नेच्याच कंटेम्पररी हॉटेलमध्ये आहे. मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी, प्लूटो, म्हणजे ओळखीची सगळी फौज एका छताखाली. बुफे असतो, सकाळी आणि संध्याकाळी. हॉलच्या वरून मोनोरेल जाताना दिसते, मधूनच सगळे नॅपकिन फिरवून जल्लोष करतात. गोंगाट प्रचंड. पहिल्यांदाच जाणाऱ्या, मिकीवेड्या मुलाला हे उत्तम. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलाला किंवा आजोबांना अजिबात नको.

क्रिस्टल पॅलेस मॅजिक किंगडम या पार्कच्या आत, सिंड्रेलाच्या किल्ल्याच्या जवळ आहे. इथे पू, पिगलेट, टिगर आणि ईयोर भेटतात. काचेची इमारत, भरपूर उजेड, बुफे. पूची मंडळी स्वभावानेच शांत असल्याने लहान, भित्र्या मुलांसाठी मी हेच सुचवते.

गार्डन ग्रिल एपकॉट या पार्कमध्ये ‘द लँड’च्या इमारतीत आहे. चिप आणि डेल शेतकऱ्याच्या वेशात येतात, सोबत मिकी आणि प्लूटो. रेस्टॉरंट हळूहळू गोल फिरतं आणि खाली बोटीच्या सफरीतले देखावे दिसत राहतात. बुफे नाही, टेबलावर वाढतात, त्यामुळे ताटं घेऊन उठबस करावी लागत नाही. जागा लहान असल्याने पात्रं पुन्हा पुन्हा येतात. इमारतीतच डिस्नेची हरितगृहं आहेत, जेवणानंतर ती बोटीतून पाहता येतात. शेतीची आवड असलेले आजोबा सोबत असतील तर त्यांना अख्ख्या सहलीत सगळ्यात जास्त रस इथेच वाटेल.

टस्कर हाउस ॲनिमल किंगडम या पार्कमध्ये आहे. सफारीच्या कपड्यांतला डोनाल्ड आणि त्याचे मित्र भेटतात. दुपारच्या आणि रात्रीच्या बुफेत आफ्रिकी आणि भारतीय वळणाचे मसालेदार पदार्थ असतात. चार दिवस फ्राइज खाऊन जीभ मेलेल्या मराठी माणसाला इथे हायसं वाटतं. जेवणालाही महत्त्व देणाऱ्यांनी इथेच जावं.

टोपोलिनोज टेरेस हे रिव्हिएरा हॉटेलच्या गच्चीवर आहे. इथे पात्रं फक्त न्याहारीला येतात: चित्रकार मिकी, कवयित्री मिनी, शिल्पकार डोनाल्ड, नर्तिका डेझी. मुख्य पदार्थ मेन्यूतून निवडायचा. शांत, देखणी जागा आणि खाणंही चांगलं. म्हणूनच बुकिंग पटकन संपतं.

राजकन्यांसाठी दोन नावं ठळक. सिंड्रेलाज रॉयल टेबल मॅजिक किंगडमच्या किल्ल्यातच आहे, आणि आकेर्सहुस एपकॉटच्या नॉर्वे विभागात. किल्ल्यातलं जेवण सगळ्यात महाग. घरात राजकन्येच्या झग्याशिवाय न झोपणारी मुलगी असेल तर ते पैसे वसूल होतात. नसेल तर तुम्ही खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचं भाडं भरताय एवढंच. आकेर्सहुसला त्याहून कमी पैशांत राजकन्या भेटतात. स्टिचची चाहती मुलं असतील तर पॉलिनेशियन हॉटेलातल्या ओहानाची न्याहारी बघा, लिलो आणि स्टिच दोघं येतात.

कोणतं पात्र कुठे हे अधूनमधून बदलतं. मुलाला नाव सांगून आशा लावण्याआधी डिस्नेच्या संकेतस्थळावर त्या रेस्टॉरंटचं पान उघडून खात्री करा.

पार्कच्या आत की हॉटेलात

हा फरक नवख्यांच्या लक्षात येत नाही आणि तो पैशांचा आहे. पार्कच्या आतल्या रेस्टॉरंटला त्या दिवसाचं पार्कचं तिकीट लागतंच. ते प्रौढ माणसाला शंभर डॉलरच्या वर जातं. हॉटेलातल्या रेस्टॉरंटला तिकीट लागत नाही आणि तुम्ही त्या हॉटेलात राहत असायचीही गरज नसते.

म्हणून मधला विश्रांतीचा दिवस ठरवा. त्या दिवशी पार्क नाही, सकाळी कॅरॅक्टर न्याहारी, मग मोनोरेलची चक्कर, तलावाकाठी फिरणं, दुपारी झोप. मोनोरेल आणि हॉटेलांतल्या बसना पैसे पडत नाहीत. मुलांना दिवस मोठ्या मौजेचा वाटतो आणि अख्ख्या घराच्या एका दिवसाच्या तिकिटाचे पैसे वाचतात. भारतातून आलेल्या सासूबाईंना पार्कच्या गर्दीत नेण्याऐवजी फक्त या न्याहारीला नेता येतं, हा आणखी एक फायदा.

पोहोचण्याचा हिशेब नीट करा. कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन ही हॉटेलं मॅजिक किंगडमच्या मोनोरेलवर आहेत. कंटेम्पररीहून तर पार्कपर्यंत दहा-पंधरा मिनिटांत चालत जाता येतं. रिव्हिएराला स्कायलायनर म्हणजे केबल कार जाते, तीच एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांनाही जोडते. पण एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात जायला सहसा थेट बस नसते, मध्ये एखाद्या पार्कला उतरून बदलावी लागते. तासभर हाताशी ठेवा किंवा सरळ टॅक्सी करा. स्वतःची गाडी असेल तर हॉटेलच्या फाटकावर रिझर्वेशन दाखवून आत सोडतात.

दिवस आणि वेळ

भारतातून येणाऱ्यांनी जेट लॅगला शत्रू मानू नये, कामाला लावावं. फ्लोरिडाचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. पहिले दोन-तीन दिवस मुलं पहाटे तीनला टक्क जागी असतात आणि पाचपासून ‘भूक लागली’ सुरू होतं. त्यांना सकाळी आठची न्याहारी अगदी झकास जमते. त्याच दिवसांत संध्याकाळी सातचं जेवण घेतलं, तर मिकी टेबलाशी येईल तेव्हा मूल ताटात डोकं ठेवून झोपलेलं असेल. रात्रीचं जेवण हवंच असेल तर ते सहलीच्या शेवटाकडे ढकला.

अमेरिकेतूनच जाणाऱ्यांसाठी गणित उलटं आहे. सकाळचा पहिला दीड तास पार्कात गर्दी सगळ्यात कमी असते, तो न्याहारीत घालवू नका. त्याऐवजी न्याहारीची शेवटची वेळ घ्या, साधारण दहा-साडेदहाची. खोलीवर दूध-बिस्किटं देऊन निघा, लोकप्रिय राइड्स आधी उरका आणि मग भरपेट बसा. दुपारचं जेवण वेगळं लागत नाही, आणि न्याहारीचा दर बहुतेक ठिकाणी रात्रीच्या जेवणापेक्षा कमी असतो.

जून ते सप्टेंबरमध्ये फ्लोरिडात दुपारी हटकून विजांसह पाऊस येतो, उघड्यावरच्या राइड्स बंद होतात. या काळात दुपारचं जेवण घेतलं तर तो वेळ आत बसून निघून जातो. एसी मात्र कडक असतो. आजीची शाल आणि धाकट्याचा स्वेटर पिशवीत असू द्या.

आणि कालदर्शिका बघा. गंमत नाही ही. साठ डॉलर मोजून संकष्टीला कलिंगडाच्या फोडी खाणारी माणसं आपल्यातच असतात.

बुकिंग: साठ दिवसांचं गणित

रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना यात मोठी सवलत आहे. त्यांना चेक-इनच्या ६० दिवस आधी पुढच्या १० दिवसांपर्यंतचं सगळं एकदम बुक करता येतं. समजा तुमचं चेक-इन १५ मे रोजी आहे, तर १६ मार्चला बसलात की १५ मेपासूनच्या सगळ्या मुक्कामाची जेवणं ठरवता येतात. बाहेरच्या हॉटेलात राहणाऱ्याला १८ मेच्या जेवणासाठी १९ मार्चची वाट पाहावी लागते. यातूनच युक्ती निघते: टोपोलिनोज किंवा किल्ल्यासारखं अवघड ठिकाण मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत मागा. त्या तारखा बाहेरच्यांसाठी अजून उघडलेल्याच नसतात.

ऑनलाइन बुकिंग फ्लोरिडाच्या वेळेनुसार सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतं. भारतात तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. कॅलिफोर्नियातल्या भावाला पहाटे तीनला उठवण्यापेक्षा नाशिकच्या काकाने हे काम करणं बरं.

आदल्या दिवशी एवढं करून ठेवा. डिस्नेचं खातं काढा. हॉटेलचं बुकिंग त्याला जोडा, म्हणजे जास्तीचे दिवस दिसतील. खात्यात कार्ड भरा, कारण जागा राखायला ते लागतं. भारतीय कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नवी कार्डं बाहेरच्या देशांसाठी बंदच येतात, आपण ती सुरू करून घ्यायची असतात. आणि तीन पर्याय क्रमाने कागदावर लिहा: हे नाही तर ते, ही वेळ नाही तर ती. ऐन वेळी नवरा-बायकोने चर्चा सुरू केली की जागा गेली.

माणसं मोजताना तान्ह्या बाळालाही धरा. त्याचे पैसे नसले तरी खुर्ची लागते. सहा-आठ जणांसाठी एकत्र जागा दिसत नसेल तर आधी चार आणि दोन अशी वेगवेगळी मिळतात का बघा. शेजारी बसवतीलच याची हमी नसते, पण पोहोचल्यावर विनंती करता येते. जन्मदिवस असेल तर तो बुकिंगमध्येच नोंदवा. ॲलर्जी आणि शाकाहार यांचीही तिथेच नोंद करा.

रद्द करण्याचा नियम सैल आहे: बहुतेक ठिकाणी जेवणाच्या दोन तास आधीपर्यंत पैसे लागत नाहीत. त्यानंतर रद्द केलं किंवा गेलातच नाही, तर माणशी १० डॉलर कापतात. पोराला ताप आला तर सकाळी उठल्याउठल्या आधी डिस्नेचं ॲप उघडा.

बिलाचा खरा आकडा

दर हंगामाप्रमाणे बदलतात. साधारण अंदाज असा: प्रौढाला ५० ते ७० डॉलर, ३ ते ९ वर्षांच्या मुलाला ३० ते ४५ आणि तीनच्या आतल्याला बुफेत फुकट. किल्ल्यातलं जेवण याच्यावर. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल डिस्नेच्या हिशेबी प्रौढ असतं, मग ते दोन घास का खाईना.

मेन्यूवरच्या दरात कर आणि टिप नसते. चार मोठी आणि दोन मुलं असं घर धरा, मोठ्यांना ६० आणि मुलांना ४० डॉलर. जेवण ३२० डॉलर. त्यावर साडेसहा टक्के कर, २०.८० डॉलर. सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के टिप बिलातच लावतात, ती ५७.६०. एकूण ३९८.४० डॉलर. म्हणजे मेन्यूच्या आकड्यावर जवळजवळ चौथा हिस्सा वाढवून बजेट धरायचं. टिप आधीच लावलेली असताना खालच्या रिकाम्या जागेत पुन्हा आकडा लिहून दुप्पट देणारे बरेच असतात, म्हणून बिल वाचल्याशिवाय सही करू नका. पाचपर्यंत माणसं असतील तर टिप तुम्ही ठरवता, १८ ते २० टक्के रीत आहे.

हा आकडा आजोबांना रुपयांत सांगायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

शाकाहारी घराचं काय

घाबरायचं कारण नाही. खाण्याच्या पथ्याबाबत डिस्नेची स्वयंपाकघरं अमेरिकेतल्या बहुतेक रेस्टॉरंटांपेक्षा जास्त ऐकून घेतात. वनस्पतीजन्य पदार्थांपुढे मेन्यूत पानाची खूण असते. तुम्ही विचारलंत तर बुफेच्या ठिकाणी शेफ स्वतः बाहेर येऊन काय चालेल आणि काय नाही हे दाखवतो. टेबलावर वाढतात तिथे मांसाहारी थाळीऐवजी शाकाहारी पदार्थ मागता येतात. फक्त वाढायला आल्यावर सांगायचं नाही, बसताक्षणी सांगायचं.

‘व्हेजिटेरियन’ एवढं म्हणून भागत नाही. तिकडे अंडं त्यात बसतं, काहींच्या मते मासेही. यादीच वाचून दाखवा: नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग्ज. अंडं चालत नसेल तर लक्षात ठेवा की मुलं ज्यावर तुटून पडतात त्या मिकीच्या आकाराच्या वॉफलमध्ये अंडं असतं. बिनअंड्याचं मिळतं का, हे शेफला विचारा, अनेक ठिकाणी वेगळं करून देतात. बटाट्याच्या फोडी बेकनच्याच तव्यावर परतल्या आहेत का, भात किंवा सूप चिकनच्या पाण्यात शिजलंय का, मूस किंवा मार्शमॅलोत जिलेटिन आहे का, हे तीन प्रश्न विचारायचेच. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी बुफेच्या भरवशावर राहू नये, आधी कळवून आणि शेफशी बोलूनच जावं. तरी ताट बरंचसं फळं, ब्रेड आणि उकडलेल्या भाज्यांचंच होईल.

पार्कात घरचा खाऊ नेता येतो. गरम करावा लागणारा नको, काचेच्या बरणीत नको, उग्र वासाचा नको, एवढीच अट. मेथीचे ठेपले, दशम्या, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू खुशाल न्या. सुक्या बोंबलाचा विचार मनातून काढा. रेस्टॉरंटच्या टेबलावर मात्र डबा उघडू नये. तान्ह्या बाळाचं खाणं चालतं, बाकी नाही. रिझर्वेशन असूनही टेबलासाठी वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागतं, तेव्हा बाहेरच मुलांच्या हातावर एकेक लाडू ठेवा. भुकेलं मूल आणि मिकी हे समीकरण जमत नाही.

टेबलावर बसल्यावर

वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा आणि ॲपवर किंवा दाराशी नोंद करा. स्ट्रोलर बाहेर लावावी लागते. पाकीट, पासपोर्ट त्यात विसरू नका.

बसल्यावर वाढणाऱ्याला विचारा की पात्रं कोणत्या बाजूने फिरतायत आणि आत्ता कोण कुठे आहे. बुफेच्या ठिकाणी सगळ्यांनी एकदम उठू नये. मोठ्यांपैकी एकाने मुलांपाशी बसावं, नाहीतर पात्र येतं, रिकामं टेबल दिसतं आणि पुढे जातं. पात्रं मधूनमधून विश्रांतीला आत जातात. एखादं राहून गेलंय असं वाटलं तर बिल मागण्याआधी सांगा. वाढणारी माणसं त्याला तुमच्याकडे वळवतात, त्यात संकोच नको. बिल दिल्यावर मात्र वाट बघत टेबल अडवून ठेवू नये, बाहेर रांग असते.

सहीची वही न्यायची असेल तर जाडसर पेन सोबत न्या. चार बोटांच्या जाड हातमोज्यात बारीक रिफिलचं पेन धरताच येत नाही. वही आपल्या घरूनच न्या, तिथे तीच महाग पडते. वहीऐवजी उशीचा अभ्रा किंवा टोपीही चालते, अंगात घातलेल्या कपड्यावर मात्र सही करत नाहीत. रिकामं पान उघडून पेनासकट तयार ठेवा. एका टेबलाला पात्र मिनिट-दोन मिनिटंच देतं, त्यातला अर्धा वेळ पान शोधण्यात जाऊ नये.

फोटोची कामं वाटून घ्या: एकाने व्हिडिओ, दुसऱ्याने फोटो, आणि तिसऱ्याने काहीच नाही, फक्त मुलाजवळ. बाबाने सलग फोनमधून बघत राहिलं की मूलही बाबाकडेच बघतं, मिकीकडे नाही. काही ठिकाणी डिस्नेचा छायाचित्रकार असतो. ते फोटो विकत घ्यायलाच हवेत असं नाही, तुमच्या फोनवरही तो काढून देतो, सांगायचा अवकाश.

मुलाला आधी दोन प्रश्न शिकवून ठेवले तर भेट रंगते. मुखवटेवाल्यांना हातवाऱ्यांनी उत्तर देता येईल असे: ‘प्लूटो कुठे आहे?’, ‘तुला चीज आवडतं का?’ मिकी त्यावर अख्खं नाटुकलं करून दाखवतो. लाजऱ्या मुलाने काढलेलं चित्र दिलं तर बोलायचीही गरज उरत नाही. पात्रं ते चित्र छातीशी धरून सगळ्या हॉलला दाखवतात.

जागा मिळाली नाही तर

साठाव्या दिवशी सगळं लाल दिसलं तरी सोडून देऊ नका. दोन तासांच्या सैल नियमामुळे लोक भरमसाट बुक करतात आणि शेवटी सोडून देतात. सहलीच्या आधीचे दोन-तीन दिवस, विशेषतः रात्री उशिरा, आणि प्रत्यक्ष त्या दिवशी सकाळी ॲप बघत राहा. सहा जण मिळत नसतील तर चार-दोन करून बघा. रेस्टॉरंटच्या जवळ असाल तर ॲपवर थेट वेटलिस्ट दिसते का तेही पाहा. दुपारी तीन-चारच्या आडवेळेला ती उघडण्याची शक्यता जास्त असते.

हवं ते ठिकाण हुकलं म्हणून महागडं नको असलेलं ठिकाण घेऊ नका. राजकन्या न मिळाल्याने हट्टाने दुसऱ्याच पात्रांचं जेवण घेतलं तर मुलगी तिथेही राजकन्याच शोधत राहते. त्यापेक्षा मॅजिक किंगडम उघडताना आत शिरा आणि पहिल्या अर्ध्या तासात मिकीची किंवा राजकन्यांची भेट उरकून घ्या. तेव्हा रांग छोटी असते. जेवणाचे वाचलेले पैसे दुपारी आइस्क्रीमवर उडवा, मिकीच्या कानांचं.

कॅलिफोर्नियातले लोक ऑर्लँडोऐवजी ॲनाहाइमच्या डिस्नेलँडला जातात. तिथेही ६० दिवसांचीच खिडकी असते. डिस्नेलँड हॉटेलातलं गूफीज किचन आणि पार्कच्या आतल्या प्लाझा इनची मिनीची न्याहारी ही तिथली दोन हमखास नावं. ठिकाणं कमी असल्याने निवड लवकर होते. मुलाच्या स्वभावाचे आणि शाकाहाराचे वर सांगितलेले सगळे मुद्दे तिथेही जसेच्या तसे लागू. फक्त लांबून विमानाने न येता गाडीने आलात, तर जेट लॅगवाली आठची न्याहारी नको, दहाचीच घ्या.